गार्डआबांचं विमान

गार्डआबांबरोबर कुठं जायचं म्हणजे मोठी पंचाईत असायची. माणूस चालायला दणकट, पण पुढं म्हणून व्हायचा नाही. चौघं निघालो की आबा सगळ्यांच्या मागं. आपण थांबून "चला ना आबा" म्हणावं, तर तेही थांबायचे आणि हातानंच आपल्याला पुढं काढायचे. लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचे, चर्चमधून सगळे बाहेर पडले की मग बाहेर पडायचे, आणि एसटीत पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी मागच्या बाकावर जाऊन हाडं खिळखिळी करून घ्यायचे. आगगाडीत तर इंजिनाकडं पाठ करूनच बसत. "सगळा मुलूख मी मागं जातानाच बघितलाय, मालबाबू," ते मला सांगायचे. "तोंड फिरवून बसलं की गाव वळखू येत न्हाई."

मालबाबू म्हणजे मी. साठ सालाच्या आसपास दौंडच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो. गाव मांडवगण फराटा, घरी शेती, पण शेतात माझा उपयोग नाही हे वडिलांनी लवकर ओळखलं आणि मला रेल्वेत चिकटवून दिलं. दौंडात खोली मिळाली ती रेल्वेच्या हद्दीला लागून असलेल्या एका बैठ्या चाळीत. माझ्या डाव्या भिंतीपलीकडं गार्डआबा राहत आणि समोर, अंगण ओलांडून, रूथबाई.

आबांचं नाव शांतवन. मूळचे शिरूरचे, तिथल्या मिशनच्या आवारात वाढलेले. मालगाडीचे गार्ड म्हणून उभी नोकरी शेवटच्या डब्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर स्टेशनापासून लांब राहवेना म्हणून दौंडातच राहिले. बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. काळा कोट मात्र सुटला नव्हता. उन्हाळ्यात तो घडी करून हातावर असे आणि पावसाळ्यात अंगावर.

मालगाडीच्या गार्डाला आयुष्यभर एकच काम असतं, वाट बघायचं. मेल जाऊ दे, पॅसेंजर जाऊ दे, मग मालगाडीला सिग्नल. तोवर आडरानातल्या कुठल्यातरी स्टेशनावर नुसतं उभं राहायचं. त्या रिकाम्या वेळात आबांनी दोन कला कमावल्या होत्या. एक स्वयंपाकाची. गार्डाच्या डब्यात शेगडी पेटवून शिकलेलं त्यांचं सुक्या बोंबलाचं कालवण इतकं फर्मास असे, की मी माळकरी आईचा मुलगा असूनही ते खाऊ लागलो आणि घरी कळवलं नाही. दुसरी कला अंदाज बांधण्याची. समोरची गाडी का आली नाही, कुठं अडली असेल, ड्रायव्हर कोण असेल, तो आत्ता काय करत असेल, यावर आबा तासभर बोलू शकत. अंदाज बहुतेक चुकत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे, ते लगेच दुसरा बांधायला घेत.

"गाडी हरवत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दोन स्टेशनांच्या मधी कुठंतरी असती. आपल्याला दिसत न्हाई, एवढंच."

हा नियम ते सगळ्या जगाला लावत. एकदा रूथबाईंची कोंबडी नाहीशी झाली. रूथबाई शाळेत शिक्षिका, पांढऱ्या पातळाच्या, ताठ कण्याच्या विधवा बाई. डोळ्यांनी पाहिलं नाही त्याबद्दल बोलू नये, असं त्या वर्गातल्या मुलांना सांगत आणि चाळीतल्या मोठ्या माणसांनाही. त्या म्हणाल्या, "कुणीतरी कापून खाल्ली." आबांनी कोट चढवला, सगळं अंगण धुंडाळलं आणि परत येऊन जाहीर केलं, "बाई, पिसं कुठंच न्हाईत. कोंबडी गेली हाय, पण मेली न्हाई. मालाच्या डब्यात चढली आसंल. आत्ता पाटसला कुणाच्यातरी घरी अंडी घालत आसंल."

"गार्डसाहेब," रूथबाई म्हणाल्या, "तुम्हांला खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही?"

"खोटं न्हाई बाई, अंदाज हाय. अंदाजाला पाप लागत न्हाई." त्यानंतर कितीतरी दिवस, पाटसहून कुणी आलं की आबा त्याला तांबड्या कोंबडीची खुशाली विचारत. रूथबाई दार लावून घेत.

रूथबाईंना एकच मुलगा, दावीद. तो एडनला बंदरावरच्या एका कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं आणि त्यानं कळवलं की महिन्याभरात निघतो, कंपनी विमानाचं तिकीट देतेय. दिवस काही लिहिला नव्हता. पण चाळीला तेवढं पुरलं. आमच्यापैकी कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. पौलस ड्रायव्हर, म्हणजे चर्चचे वडील पंच आणि चाळीतलं मोठं प्रस्थ, रूथबाईंना विचारू लागले की विमानात खिडकी उघडता येते का. रूथबाई म्हणायच्या, "तो आला की त्यालाच विचारा."

आणि एका सकाळी पेपरात आलं, की पश्चिमेकडून मुंबईला येणारं एक प्रवासी विमान बेपत्ता आहे. वाटेत एडनला थांबून ते निघालं होतं. मुंबईजवळ येईपर्यंत त्याचा आवाज विमानतळाला बिनतारी यंत्रावर येत होता, मग येईनासा झाला.

स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता. रेडिओवर बातम्या लागल्या की कपबशा वाजायच्या थांबत. विमान समुद्रात बुडालं, असं एक जण म्हणे. दुसरा म्हणे, ते घाटावर आदळलं. तिसऱ्याला पक्की खबर होती की त्यात सोनं होतं, म्हणून वैमानिकानंच ते पळवलं. वरवंडच्या एका बागाईतदाराच्या म्हणण्याप्रमाणं विमान त्याच्या उसावरून गेलं आणि ऊस एका बाजूला झुकला तो झुकलाच. ऊस बघायला चार जण सायकलवरून जाऊनही आले. ऊस झुकलेला होता खरा, पण शेजारच्यांचाही झुकलेला होता.

या सगळ्यांत गार्डआबा मागं राहतील हे शक्यच नव्हतं. त्यांनी हॉटेलच्या फरशीवर खडूनं एक लांब रेघ ओढली, एका टोकाला एडन लिहिलं, एका टोकाला मुंबई, आणि मध्ये स्टेशनं नाहीत हे बघून ते खरोखरच अस्वस्थ झाले. "आरं, मग पुढं वाट मोकळी हाय म्हणून लाइन क्लिअर कुणी दिली?" ते विचारू लागले. "मागच्यानं गाडी सोडली, पुढच्याला मिळाली न्हाई, मधी कुणीच न्हाई बघायला. आसं कसं चालवत्यात ही माणसं?" पण रेघ तशीच ठेवून त्यांनी तिच्यावर विमान उतरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ते लढाईच्या वेळच्या एका जुन्या धावपट्टीवर उतरलं. दुसऱ्या दिवशी अरबांच्या वाळवंटात, गाडी बाजूच्या रुळावर काढून ठेवतात तसं सायडिंगला. तिथला शेख मोठा दिलदार निघाला, त्यानं सगळ्या उतारूंना तंबूत बसवून मटण खाऊ घातलं.

लोक चेष्टा करू लागले. हॉटेलात शिरताना विचारायचं, "आबा, आज विमान कुठं?" आबा गंभीरपणे ठिकाण सांगायचे आणि जेवणही सांगायचे. गाडी अडकली की माणसाला आधी भूक लागते, भीती नंतर, हा त्यांचा अनुभव होता. मीही हसायचो. पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हॉटेलातल्या सगळ्यांच्या गोष्टीत माणसं मरत होती, आणि आबांच्या गोष्टीत रोज नवं काही झालं तरी एकही माणूस मरत नव्हता.

रूथबाई शाळेत जात होत्या, येत होत्या. त्यांच्या देखत कुणी विमानाचं नाव काढत नसे. त्यांनी एडनला तार केली होती. दावीद त्या विमानात होता की नव्हता, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढं सांगणारा कुणी भेटत नव्हता. तारेचं उत्तर आलं ते एका ओळीचं. दावीद हिंदुस्थानला निघाला आहे. कधी, कशानं, काही नाही. ती तार बाईंनी आम्हांला वाचून दाखवली आणि घडी करून बायबलमध्ये ठेवली. त्या दिवशी चाळीत सगळ्यांनी दावीद गेला असंच धरलं. मीही धरलं.

आबांनी तेवढं धरलं नाही. त्यांना आठवलं की दावीदनं नोकरीला जाताना घरचा पत्ता म्हणून शिरूरच्या मामाचा दिला होता. विमान कंपनी वारसांना कळवते आहे असं पेपरात होतं, म्हणजे कळवायचंच असेल तर ते शिरूरला कळवणार. "चला, मालबाबू," ते म्हणाले, "रजा टाका." मी टाकली.

त्या एसटीच्या प्रवासात आख्ख्या तालुक्याचं विमान माझ्या पदरी पडलं. आबा मागच्या बाकावर, त्यांच्याशेजारी मी. निमोण्याचा एक शेतकरी मांडीवर फडक्यात काहीतरी बांधून बसला होता. तो तालुक्याच्या कचेरीत द्यायला विमानाचा तुकडा घेऊन निघाला होता. सगळ्या एसटीनं तो हाताळला. वाकडा, काळा पत्रा, दोन भोकं. कंडक्टरनं वास घेऊन सांगितलं की पेट्रोलचा वास येतोय.

"कुठं घावला?" आबांनी विचारलं.

"हिरीच्या कडंला. आवाज आमी समद्यांनी ऐकला हुता, दुपारचा."

"विमान संध्याकाळचं गेलंय."

"मग संध्याकाळचा ऐकला आसंल."

आबांनी तुकडा उलटा केला, अंगठ्यानं माती पुसली. "पावनं, विहिरीवर विंजान हाय न्हवं तुमचं? त्याच्या धुराड्याची टोपी कुठं हाय, जरा घरी जाऊन बघा."

तो माणूस रागावला नाही. पत्रा फडक्यात पुन्हा नीट बांधत म्हणाला, "आता इतक्या लांब आलोय तर देतोच. त्यांचं ते बघतील." सगळी एसटी हसली, आबाही हसले. मग तो शेतकरी हलक्या आवाजात म्हणाला, "न्हाई तर काय, कुणाचं तरी माणूस हाय त्यात. घावलं तर बरं." आबांनी त्याला तंबाखू दिली आणि शिरूर येईपर्यंत त्याच्या इंजिनाची, बैलांची, जावयाची सगळी हालहवाल विचारली.

मामाच्या घरी काही आलं नव्हतं. ना पत्र, ना तार. आबांनी मामाला तीनतीनदा विचारलं, पोस्टात जाऊन विचारलं, आणि परत निघाले ते उड्या मारायचेच काय ते बाकी होते. "कळवलं न्हाई म्हंजी तो त्यात न्हाई." मी म्हणालो, आबा, अजून कळवायचं असेल. ते म्हणाले, "मालबाबू, तुमच्या तोंडाला बाभळीचा काटा लावा."

ही बातमी रूथबाईंना सांगायला ते गेले, आणि तिथून त्यांचा रोजचा परिपाठ सुरू झाला. बाई शाळेतून आल्या की आबा अंगण ओलांडून जायचे, पायरीवर बसायचे. आपल्या डब्यातलं काहीतरी वाटीत घालून नेलेलं असायचं. त्या दिवशी विमान कुठं आहे ते सांगायचे आणि उठून यायचे. बाई ऐकत की नाही, कळायचं नाही. त्या तांदूळ निवडत असायच्या. मला वाटायचं, एक दिवस बाई ह्यांना पायरीवरून खाली ढकलणार.

एका संध्याकाळी मी पाण्याची घागर घेऊन जवळून चाललो होतो. आबांचं विमान त्या दिवशी एका बेटावर होतं. बिनतारी बिघडलेली, पण माणसं खुशाल. कोळ्यांची वस्ती आहे, भात आहे, नारळ आहेत, रोज ताजे मासे.

बाईंचा हात सुपात थांबला. "दावीदला मासे चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "अंगावर पित्त उठतं."

मी घागर घेऊन तिथंच उभा राहिलो. आबांनी पायरीवरची वाटी जरा सरकवली. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "मग भातावर नारळाचं दूध घेतलं आसंल. कोळणी शानी असत्यात, पावण्याला इचारून वाढत्यात."

"हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून आबांनी बेटावरचे मासे बंद केले.

पण दिवस जात होते आणि चर्चमधली मंडळी काही लहान मुलं नव्हती. पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांना वाटू लागलं की बाईंच्या मनाला आता टेकू द्यायला हवा. दावीदच्या स्मरणार्थ उपासना घ्यावी, चार गीतं म्हणावीत, बाईंना रडू द्यावं. पौलस ड्रायव्हर आणि दुसऱ्या पंचांनी मान डोलावली. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंडळीला योग्य वाटेल ते करा." त्या रविवारी मीही गेलो. हिंदू असलो तरी शेजारी होतो, आणि दावीदचा फोटो मी ओळखत होतो.

आम्ही पोचलो तर चर्चच्या दारात गार्डआबा उभे. अंगात काळा कोट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. जन्मात पहिल्यांदा हा माणूस सगळ्यांच्या आधी आला होता. पौलस ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढं होते. ते पायरीपाशी आले आणि आबांनी कोटाच्या आतून लाल झेंडी काढून हात आडवा धरला.

आता ती मंडळी होती कोण? ड्रायव्हर, फायरमन, फिटर, सांधेवाले, त्यांच्या बायका आणि मुलं. पौलस ड्रायव्हर जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्यामागं सगळी रांग उभी राहिली. दार उघडं होतं, झेंडी म्हणजे नुसतं फडकं, धरणारा माणूस म्हातारा. ढकलून आत गेलं असतं तर काय होणार होतं? पण लाल झेंडी ओलांडायची हे त्यांच्यातल्या एकाच्याही पायांना जमेना. मीही उभा राहिलो, आणि मी तर नुसता कारकून. पाळकसाहेब आतून बाहेर आले. ते रेल्वेतले नव्हते, त्यामुळं त्यांना काही कळेना.

"शांतवन, हे काय?"

"पाळकसाहेब, शेवटचा डबा दिसला न्हाई अजून."

पाळकसाहेबांना पौलस ड्रायव्हरांनीच समजावलं, जरा ओशाळून. गाडीच्या शेवटच्या डब्याला एक खूण लावलेली असते. स्टेशनातून गाडी गेली तरी स्टेशनमास्तर ती खूण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पुरी आली असं लिहीत नाही. आणि पुरी आली नाही तोवर त्या गाडीचा हिशेब कुणालाच मिटवता येत नाही, तसा कायदाच आहे.

"हे देवाचं घर आहे, रेल्वेचं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"देवाच्या घरी तर जास्तच बघून लिवत आस्तील," आबा म्हणाले. झेंडी खाली आली नाही.

तेवढ्यात रूथबाई पुढं आल्या. सगळ्यांनी वाट दिली. त्या झेंडीपाशी उभ्या राहिल्या आणि आबांकडं न बघता पाळकसाहेबांना म्हणाल्या, "आज नेहमीची उपासना घ्या, साहेब. ती स्मरणाची पुढं कधीतरी बघू." तेव्हा आबांनी झेंडी गुंडाळली, बाजूला झाले, आणि सगळे आत गेल्यावर शेवटी आत आले. पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी फार चढलं नाही, पण गीतं मात्र मंडळीनं मोठ्यानं म्हटली.

पुढच्या रविवारच्या आत दावीद आला.

आला तो दुपारच्या पॅसेंजरनं. आबा नेहमीप्रमाणं प्लॅटफॉर्मच्या पार शेवटच्या टोकाला उभे होते, डबे बघत. दावीद उतरला इंजिनाजवळच्या डब्यातून, आणि हमालाच्या डोक्यावर एक मोठं खोकं देऊन सरळ घरी निघाला. त्यामुळं सगळ्या दौंडाला कळून झाल्यावर ही बातमी आबांना कळली. मालधक्क्यावर मला निरोप आला तेव्हा मी काम टाकून धावलो. बाईंची खोली माणसांनी भरली होती. पौलस ड्रायव्हर रडत होते. बाई रडत नव्हत्या, त्या मुलाच्या हाताला धरून बसल्या होत्या आणि हात सोडत नव्हत्या.

खोक्यात शिवणाचं यंत्र होतं. आईसाठी घेतलेलं. विमानवाले एवढं वजन घेईनात, म्हणून पठ्ठ्यानं विमानाचं तिकीट सोडलं आणि बोटीनं आला. वाटेत दुसऱ्या बंदरांत माल चढत-उतरत बोट रखडत आली. विमानाचं त्याला मुंबईत उतरल्यावर कळलं. तेव्हापासून तो घाबरला होता, की आईनं काय ऐकलं असेल आणि तिचं काय झालं असेल.

"आई, मी जिवंत आहे असं तुला कुणी सांगितलं होतं का गं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "पण आज तू काय जेवलास, ते गार्डसाहेब मला रोज सांगून जायचे."

 आबा तेव्हाच दारात येऊन पोचले होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले तसे ते गोंधळले, आणि दावीदला म्हणाले, "जेवलास का रं?" मग खोक्याकडं लक्ष गेल्यावर स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "बोट! आरं, बोटीचं माझ्या टाळक्यातच आलं न्हाई." त्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

मग लग्न झालं, जेवणं झाली, आबांनी दोन हंडे मटणाचं कालवण रांधलं आणि शेवटच्या पंगतीला बसले. दावीदच्या तोंडून विमानात खिडकी उघडते की नाही, हे मात्र कुणाला कळलं नाही. पेपर विमानाविषयी लिहायचे थांबले होते, हॉटेलही थांबलं होतं. आपलं माणूस घरी आल्यावर बाकीच्या विमानाशी दौंडाला काय करायचं होतं? फरशीवरची रेघ पोऱ्यानं पुसून टाकली.

नंतर काही दिवसांनी कोकणच्या किनाऱ्याला विमानाचे तुकडे लागले. खुर्च्या, एक पंख. आतलं कुणी वाचलेलं नव्हतं. बातमी पेपराच्या आतल्या पानात होती. मी वाचली, आणि आबांनी वाचू नये असं मला उगाच वाटलं. पण पेपर त्यांनीच आधी वाचला होता.

त्या दिवशी त्यांच्या खोलीतून फोडणीचा वास आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा करून नेला तर तसाच निवला. आबा अंगणातल्या बाजेवर बसून होते. मी म्हटलं, आबा, आपला दावीद तर आला.

"त्यो आला," ते म्हणाले. "पन मी एकट्या दावीदला कुठं उतरवत हुतो, मालबाबू? समद्यांनाच उतरवत हुतो. समद्यांना जेवू घालत हुतो रोज." मग निवलेला चहा बाजूला सारून म्हणाले, "आन् ते पयल्या दिवसापास्नं तळाला."

 मधल्या काळात माझी बदली झाली होती, त्याच दुपारच्या गाडीनं मिरजेकडं निघायचं होतं. ट्रंक बांधून मी निरोप घ्यायला बाहेर आलो, तर रूथबाई अंगण ओलांडून येत होत्या. हातात फडक्यानं झाकलेलं ताट. एरवी त्या आबांच्या दारी कधी येत नसत. ताट त्यांनी बाजेवर ठेवलं आणि शेजारच्या दगडावर पदर सावरून बसल्या, शाळेत खुर्चीवर बसत तशा ताठ.

"गार्डसाहेब," त्या म्हणाल्या, "दावीदचं तिकीट होतं आणि तो विमानात बसला नाही. तसं आणखी कुणाचं झालं नसेल कशावरून?"

आबा बाजेच्या सुतळीशी चाळा करत होते.

"एखादी बाई असेल," बाई सावकाश बोलत होत्या. सवय नसल्यानं त्यांना शब्द शोधावे लागत होते. "जवळ लहान मूल असेल. ऐन निघताना मुलाच्या अंगात ताप भरला असेल, म्हणून राहिली असेल ती मागं."

आबांनी मान वर केली नाही. "परमुलखात एकली?" ते म्हणाले.

"एकटी कशी? शेजारीण आहे. तिनं ठेवून घेतलंय."

"पोराचा ताप?"

"उतरला."

आबांनी एवढा वेळ न पाहिलेलं ताट आता पाहिलं. "आन् जेवायला काय देती शेजारीण?"

रूथबाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, जणू मी परीक्षक होतो. मग त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. "बाजरीची भाकरी," त्या म्हणाल्या. "तिकडंही पिकते बाजरी, दावीद सांगतो."

मी निरोप न घेताच टांग्याकडं वळलो, त्यांचं बोलणं मोडावंसं वाटेना. टांगा हलल्यावर मागं पाहिलं. रूथबाई हात हलवून काहीतरी सविस्तर सांगत होत्या, आणि आबा जेवत होते.